पायरकोंडला पोचवलेला निरोप

महाड माझं माहेर, त्यामुळे महाडला जाण्याला मी आजवर कधी प्रवास म्हटलेलं नाही. ठाण्याला एसटीत बसायचं, वडखळला वडा खायचा, माणगावला डुलकी लागायची, आणि डोळे उघडले की भावाच्या दारात वहिनी विचारत असायची, "परत जाड झालात का हो वन्सं?" याला प्रवास म्हणत नाहीत. पण त्या भाद्रपदात मी माहेरी गेले ती एका अंदमानच्या बाईला बरोबर घेऊन. त्या चार दिवसांत मी माझ्याच मुलखाच्या अंगाखांद्यावर अशी काही फिरले, की लहानपणापासून पाहिलेले डोंगर मला परक्या मुलखातले वाटले.

सुरुवात आधीच्या वर्षी पोर्ट ब्लेअरला झाली होती. आमच्या ह्यांच्या हपिसानं दिलेली प्रवासाची सवलत वाया जाऊ नये म्हणून आम्ही तिथे गेलो होतो. सगळे जेल बघायला गेले आणि माझी चप्पल तुटली. मी एका घराच्या पायरीवर बसून राहिले. आतून एक बाई आल्या, पाणी दिलं, स्वतःची रबरी चप्पल दिली. शांतीदेवी त्यांचं नाव. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, साठीच्या आसपासच्या. "कहाँ से आए हैं?" त्यांनी विचारलं. ठाण्यात तीस वर्षं काढूनही मला कुणी विचारलं की तोंडातून महाडच निघतं.

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं, हात जोडले आणि शाळेतल्या पोरीसारखं एका दमात म्हटलं:

"पोलादपूर मागं टाकायचं. कापड्याचा ओढा ओलांडायचा. पायरकोंड. वरचं घर. दारात पायर. घरात धोंडू."

उच्चार हिंदी, शब्द अस्सल आमच्याकडचे. त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं.

ती त्यांच्या पणजीची शिकवण. पणजीचं नाव सारजा. नवऱ्याच्या खुनाबद्दल तिला काळ्या पाण्यावर पाठवलं, तेव्हा घरी तीन-चार वर्षांचा मुलगा होता, धोंडू. ती कधी परत आली नाही. तिकडे तिचा दुसरा संसार झाला, मुलं झाली, आणि रोज दिवेलागणीला ती त्या मुलांना हात जोडून हा पत्ता म्हणायला लावायची. मुलांनी आपल्या मुलांना शिकवला. देवाचं एखादं नाव विसरलं तरी चालेल, हे विसरायचं नाही.

भाद्रपदात म्हाळाला, म्हणजे पितरांना जेवू घालायच्या दिवशी, ती वरच्या घरातल्या सगळ्या मेलेल्या माणसांची पानं मांडायची. मेलेल्या नवऱ्याचंसुद्धा. आणि स्वतःबद्दल सांगून गेली होती, "मी गेल्यावर इथं माझं पान घालायचं नाही. माझं पान वरच्या घरी."

त्यामुळे सारजाला पान कधी मिळालंच नव्हतं. तीन पिढ्या पितरं जेवत होती, ती उपाशी. शांतीदेवींची आई, सारजाची नात, आता अंथरुणाला खिळली होती आणि रोज एकच विचारत होती, कोई गया क्या?

"मी शोधते," मी म्हटलं. आमचे हे माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, की चप्पल देणाऱ्या बाईला चप्पलच परत केली असती तर भागलं नसतं का?

महाड

पायरकोंड शोधायला मला काहीच करावं लागलं नाही. भावाचं बी-बियाण्याचं दुकान आहे, डोंगरावरची माणसं तिथे येतात. "हाय की," एकानं सांगितलं, "कापड्यावरनं वर. सात-आठ घरं." मी मात्र वर्षभर सगळ्यांना सांगत होते, की फार खटपट केली.

शांतीदेवींना घेऊन आम्ही पोचलो त्या दिवशी वहिनीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "म्हणजे हिच्या पणजीनं नवऱ्याला मारलं?"

"हो."

"कशानं?"

"अगं, मी काय तिथे होते?"

वहिनीनं विळी उचलून वरच्या फळीवर ठेवली. माझ्या भावाकडे एकदा बघितलं. माझा भाऊ इतका गरीब आहे, की त्याला मारायचं कुणाच्या मनात आलं तरी तो आधी चहा विचारेल.

संध्याकाळी शांतीदेवी आत आल्या, इकडेतिकडे बघितलं, हात उंच करून विळी खाली काढली, पाय मुडपून तिच्यावर बसल्या आणि नारळ खवायला लागल्या. खोबरं असं पांढरंशुभ्र, एका लयीत पडत होतं की वहिनी बघतच राहिली. त्यांच्या घरी विळीच वापरतात, म्हणाल्या. शेजारीपाजारी सगळे सुरी वापरतात आणि यांना हसतात. पणजीनं तिकडच्या लोहाराकडून हट्टानं करवून घेतली होती.

रात्रीच्या जेवणापर्यंत शांतीदेवींच्या शांताताई झाल्या होत्या. पण विळी वहिनीनं झोपताना परत फळीवर ठेवली, हे मी पाहिलं.

सव

दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरला होता, म्हणून सवच्या गरम झऱ्यांवर गेलो. ह्यांच्या गुडघ्यांना तिथल्या पाण्यानं आराम पडतो. मला आराम पडायच्या आधीच मी शेवाळावरून घसरले आणि साडीसकट कुंडाच्या काठावर बसले. आता बसलेच आहे तर बसून घेऊ, म्हणून पाय पाण्यात सोडले. शांताताई शेजारी बसल्या. गंधकाचा वास, पलीकडे सावित्रीचं गढूळ पाणी. तिथे त्यांनी मला सारजाचं आयुष्य सांगितलं, जेवढं घरात शिल्लक होतं तेवढं.

बोटीतले दिवस ती कधी बोलली नाही. बायकांच्या तुरुंगात तिनं विणकाम केलं. काही वर्षांनी अशा बायकांना लग्नाची परवानगी मिळे. त्यांना ओळीनं उभं करत आणि चांगली वागणूक असलेले कैदी येऊन बघून जात. जवळजवळ बैलबाजारच म्हणायचा. फरक एवढाच, की बाईला नाही म्हणायची मुभा होती. सारजा दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्या वेळी उत्तरेकडचा रामदीन नावाचा माणूस आला. तो तिला बघेना, खाली जमिनीकडे बघत उभा राहिला. तिनं होकार दिला.

"उसने पूछा नहीं कि क्या किया था," शांताताई म्हणाल्या, "और उसने भी नहीं पूछा."

दोघांनी जमीन साफ केली, भात लावलं, बकऱ्या पाळल्या. तिची भात लावायची पद्धत बघायला शेजारी यायचे.

"आणि खरंच मारलं होतं का तिनं?" मला राहवेना.

त्यांनी पाय पाण्यातून वर घेतले. "नानी ने एक बार पूछा था. बोली, 'मारलं.' बस. क्यों मारा, नहीं बोली. कभी नहीं."

पुढे तिची सुटका झाली. घरी जायची मोकळीक मिळाली. ती उठली, केस विंचरले, लुगडं नेसली, बोचकं घेतलं आणि धक्क्यावर गेली. मुलं घरी रडत बसली. दुपारी ती परत आली, बोचकं कोपऱ्यात ठेवलं आणि बकरीची धार काढायची राहिली होती, ती काढली. संध्याकाळी दिवा लावला, मुलांना पत्ता म्हणायला लावला. त्या दिवशी शेवटच्या शब्दाला तिचा आवाज निघाला नाही, मुलांनीच म्हटला.

मी मान वळवून ह्यांच्याकडे बघितलं. हे गळ्यापर्यंत गरम पाण्यात, डोळे मिटून. जगात काय काय घडून जातं आणि काही माणसांच्या गुडघ्यांना बरं वाटतं.

पोलादपूर, कापडे

पोलादपूरला नारळ आणि फुलं घ्यायला एका दुकानात थांबलो. दुकानदारानं चौकशी केली. पायरकोंडच्या वरच्या घरी जायचंय म्हटल्यावर म्हणाला, "बरोबर दिवस धरलात. आज त्यांच्याकडं म्हाळ हाय. मुंबयवाला बाळाराम पण आलाय. सगळी घरात गावतील." मी शांताताईंकडे विजयी मुद्रेनं बघितलं, जणू तिथी मीच काढली होती.

कापड्यापर्यंत जीप. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं. ओढा आला तशा शांताताई म्हणाल्या, "दीदी, यही?" मी हो म्हटलं. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. वरच्या अंगाला साकव होता, त्यावरून कोरडं जाता आलं असतं. पण त्या पाण्यातून गेल्या. मग मलाही जावं लागलं, माझ्यामागे ह्यांनाही.

पुढची चढण मी कशी चढले ते मी आणि माझं नशीब जाणे. दर वळणावर मी निसर्ग बघायला थांबत होते. हे म्हणाले, "निसर्गाला दम लागलाय वाटतं." शांताताई पुढे होत्या आणि ओठांत पुटपुटत होत्या. पोलादपूर मागं टाकायचं झालं होतं. कापड्याचा ओढा झाला होता. आता प्रत्येक पावलानिशी एकेक शब्द खरा होत होता आणि त्यांची चाल हळू पडत होती. शेवटच्या वळणावर त्यांनी माझा हात धरला. "दीदी, अगर निकाल दिया तो? माँ को क्या बोलूँगी?"

मी त्यांचा हात घट्ट धरला आणि पुढे चालू लागले.

पायरकोंड

वरचं घर खरंच वर होतं. दारात पायरीचं झाड होतं, पिंपळाच्या जातीचं, एवढं पसरलेलं की अर्धं अंगण त्याच्याच सावलीत. शांताताई खोडाला हात लावून उभ्या राहिल्या.

पडवीत एक म्हातारी केळीची पानं पुसत बसली होती. तिच्याभोवती दोन सुना. "कोण गो? सर्वेवाल्या का?" तिनं विचारलं. तिचं नाव तानूबाई. मी ओळख दिली, महाडच्या बियाण्याच्या दुकानदाराची बहीण म्हटल्यावर जरा चेहरा सैलावला. चहा आला. आणि मग मला सांगायचं होतं ते मी सांगितलं. महाडला आरशासमोर तयारी केली होती, ती सगळी विसरून भलतंच काहीतरी बोलले. पण सारजाचं नाव आणि काळं पाणी हे दोन शब्द आले, तेवढे पुरले.

सुनांचे हात थांबले. तानूबाईचा मुलगा बाळाराम आतून बाहेर आला. मुंबईत कंपनीत नोकरी, अंगात बनियन, हातात पूजेचं ताम्हन. अंगणाच्या कडेला भावकीतले दोन म्हातारे बसले होते, तेही उठून आले.

"पान?" बाळाराम म्हणाला. "बाई, तुम्ही लांबनं आलात, जेवून जावा, नो प्रॉब्लेम. पण पान नाय. तिकडं बघा." पडवीत भिंतीकडेला पानांची ओळ मांडायला घेतली होती. "ते पयलं पान ज्याचं, त्यालाच मारलानी हिनं. आमच्या पणज्याला. आता त्याच्याच पंगतीला तिला बसवायची? तो जेवंल काय?"

"खरं हाय," भावकीतला एक म्हातारा म्हणाला. "आणि तिनं तिकडं दुसरा केला ना? मंग ती तिकडची."

"तिकडं पण पान नाय तिला," मी म्हटलं. "तीच नको म्हणाली."

"मंग तो तिचा प्रॉब्लेम."

शांताताईंना भाषा कळत नव्हती, पण नकाराची मान कळते. त्यांनी पिशवीतून एक नारळ काढला, तिकडून आणलेला, सारजाच्या जमिनीतला. तो पायरीच्या बुंध्याशी ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चलो दीदी. इतना ही बहुत है." पण पाय हलेनात. मग त्यांनी हात जोडले आणि सवयीनं असेल, पत्ता म्हटला. सगळा. वरचं घर. दारात पायर. घरात धोंडू.

तानूबाईच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"काय म्हणाली? परत म्हण गो."

शांताताईंनी परत म्हटलं. तानूबाई खांबाला धरून उठली. "धोंडू म्हंजे माझं मामंजी. माझा सासरा. ह्या हातांनी त्यास्नी भाकर वाढलीय मी." ती उंबऱ्याकडे गेली आणि उंबऱ्याच्या उजव्या कडेला हात ठेवला. तिथे लाकूड बसून बसून खोलगट झालं होतं. "हितं बसायचं. रोज. एकच ध्यानात होतं त्यांच्या. लोक आयला न्यायला आले तवा आय म्हणाली, 'इथंच बस, येतंय मी.' बाकी बापाचा चेहरा पण नाय आठवत म्हणायचं. त्यांच्या बरोबरीचं सगळं गाव मुंबयला गेलं गिरणीत. हे नाय गेलं. महाडच्या बाजाराला गेलं तरी दिवस असताना परत. मी एकदा विचारलं, मामंजी, जन्मात कुठं गेला नाय तुम्ही. तर म्हणाले, आय इथंच बस म्हणाली ना."

मी शांताताईंना हिंदीत सांगायला गेले. दोनतीन शब्दांच्या पुढे मला जमेना. आमचे हे पुढे आले आणि त्यांनी सांगितलं, हळू, सगळं, उंबऱ्यापर्यंत. एरवी ते भाजीवाल्याशीसुद्धा बोलत नाहीत.

"आये, ते सगळं बरोबर," बाळाराम म्हणाला, पण आवाज खाली आला होता. "पण आज्यानं तरी कुठं घातलानी पान आपल्या आयचं? एवढी माया होती तर घालायचं होतं."

"कसं घालंल रे?" तानूबाई त्याच्यावर कडाडली. "मेली म्हणून कुणी सांगितलं त्याला? कुणाचा सांगावा आला? जित्या माणसाचं पान घालतात काय? लोक बोलायचे, घाल आता, लय वर्सं झाली. तर म्हणायचे, माझी आय मेल्याचा निरोप आणा, मंग घालतो. मरताना पण तेच. निरोप आला नाय, म्हणाले."

मग ती शांताताईंच्या समोर येऊन उभी राहिली. उंचीनं त्यांच्या खांद्याला लागत होती. "तू निरोप घेऊन आलीस ना गो?"

हे त्यांना हिंदी करून सांगावं लागलं नाही. शांताताईंनी मान हलवली. "सारजा नहीं रही," त्या म्हणाल्या. आणि ती साठीतली बाई, जिच्या जन्माआधीच सारजा गेली होती, ती आत्ताच कुणी गेल्यासारखी रडायला लागली.

तानूबाई सुनांकडे वळली. "पानं राहूंद्या. पाणी काढा. निरोप आलाय घरात, अंघोळ केल्याबिगर कुणी कशाला हात लावायचा नाय."

आपल्याकडे लांबच्या मरणाची बातमी उशिरा कळली, तर सुतक धरत नाहीत. डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. भावकीतल्या म्हाताऱ्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण बाळारामनं ताम्हन खाली ठेवलं, विहिरीवर गेला आणि पहिली कळशी स्वतःच्या डोक्यावर ओतली. मग म्हाताऱ्यांनी मुंडाशी सोडली.

मी आपली कडेला उभी होते, माझा काय संबंध म्हणून. तानूबाईनं कळशी घेऊन मलाच गाठलं. "निरोप आणणारीनं पण घ्यायचं असतं." भाद्रपदातल्या डोंगरविहिरीचं पाणी डोक्यावरून उतरलं तसा माझा श्वास अडकला. डोळे उघडले तर ह्यांच्या चष्म्यावरूनही पाणी गळत होतं. वरच्या घरातली सगळी माणसं अंगणात ओलीचिंब उभी, पायरीखाली. सारजाला जाऊन किती पिढ्या झाल्या होत्या, आणि तिच्या घरी ती आत्ता वारली होती.

कोरडी लुगडी निघाली. माझ्या अंगाला ते धाकट्या सुनेचं लुगडं पुरेना, यावर दोन्ही सुना पहिल्यांदा हसल्या आणि मला फार बरं वाटलं.

पानं मांडली. खीर, वडे, अळू, भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. बाळाराम एक जादा पान हातात घेऊन ओळीसमोर उभा राहिला. "आये, पण पणज्याच्या शेजारी नाय हां. ते माझ्यानं होणार नाय."

"कोण म्हणतंय त्याच्या शेजारी?" तानूबाईनं पान त्याच्या हातातून घेतलं. पणजोबाचं पान ओळीच्या एका टोकाला होतं, धोंडूचं दुसऱ्या टोकाला, उंबऱ्याजवळ. त्याच्या पलीकडे, भिंतीला लागून तिनं ते पान ठेवलं. "नवऱ्याचं आणि तिचं काय ते त्यांचं त्यांनी बघावं. ही पोराजवळ बसंल." मग शांताताईंच्या हातात खिरीची वाटी दिली. "वाढ. नाव घेऊन वाढ. ह्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाय कधी."

"सारजा," शांताताई म्हणाल्या आणि खीर वाढली.

आम्हीही जेवलो. जेवताना बाळारामनं शांताताईंना विचारलं, तिकडं मासळी कशी मिळते. त्यांनी सांगितलं. त्याला भाव ऐकून आश्चर्य वाटलं. नात्यागोत्याची बोलणी अशीच चालू होतात. निघताना सारजाच्या जमिनीतला तो नारळ तानूबाईनं खायला घेतला नाही. पावसापाण्याचं पायरीच्या पलीकडे पुरायला सांगितलं. "डोंगरावर नारळ धरत नाय," भावकीतला म्हातारा म्हणाला. "तू गप रे," ती म्हणाली.

पोलादपूर, परतताना

दिवेलागणीला आम्ही पोलादपूरला खाली आलो. एसटीडी बूथवर शांताताईंनी पोर्ट ब्लेअरला फोन लावला. काचेचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून मला ऐकू आलं, आणि नसतं आलं तरी मी कान लावलाच असता.

त्यांनी घडलं ते काहीच सांगितलं नाही. नुसतं "माँ, बोलो," म्हणाल्या. पलीकडून म्हातारीचा आवाज, समुद्रावरून आल्यासारखा बारीक. दोघी मिळून म्हणत होत्या. पोलादपूर मागं टाकायचं. कापड्याचा ओढा ओलांडायचा. पायरकोंड. वरचं घर. दारात पायर. घरात धोंडू.

तिथे पलीकडचा आवाज नेहमीसारखा थांबला.

शांताताई थांबल्या नाहीत.

"धोंडू के बाजू में सारजा," त्या म्हणाल्या.